प्रवासी गाड्यांसाठी म्हणून बांधलेली डिझेल इंजिने इतकी मोजकीच का राहिली?

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी.

सोलापुरातील आम्ही काही रेल्वेप्रेमी मिळून एक हस्तलिखित अंक काढत आहोत आणि त्यातील डिझेल इंजिनांवरचे टिपण माझ्या वाट्याला आले आहे. आपल्या भागाशी या विषयाचे जुने नाते आहे. पुण्यापर्यंत वीज फार लवकर पोहोचली. डेक्कन क्वीन १९३० साली धावू लागली ती विजेच्या इंजिनावरच. पुण्याच्या पुढे मात्र दौंड, कुर्डूवाडी, सोलापूर, वाडी हा सगळा पट्टा त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे आधी वाफेवर आणि मग डिझेलवर चालला. सिद्धेश्वर असो, हुतात्मा असो की मद्रासकडे जाणारी मेल असो, गाडीच्या तोंडाशी डिझेल इंजिन असणे ही आपल्याकडे गृहीत धरलेली गोष्ट होती.

टिपणासाठी वाचन करताना एक गोष्ट मला खटकली. रेल्वेच्या वर्गनामात ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल, आणि पुढचे अक्षर काम सांगते: ‘एम’ म्हणजे मिश्र, ‘जी’ म्हणजे मालवाहू, ‘पी’ म्हणजे प्रवासी, ‘एस’ म्हणजे शंटिंग, अर्थात डबे इकडून तिकडे हलवण्याचे काम. मिश्र वर्गातील डब्ल्यूडीएम-२ अडीच हजारांहून अधिक बांधली गेली. त्या तुलनेत डब्ल्यूडीपी-१ फक्त १० आणि डब्ल्यूडीपी-३ए केवळ ४४. प्रवाशांच्या बाबतीत ज्या रेल्वेचा जगात दबदबा आहे, तिने प्रवासी डिझेल इंजिने इतकी थोडी का बांधली? आणि जी बांधली, ती पुढे दुय्यम कामांवर का गेली? याला केवळ विद्युतीकरण जबाबदार आहे, असे मला वाटत नाही, कारण डब्ल्यूडीपी-१ चे काम आपल्याकडे विजेच्या तारा येण्याच्या कितीतरी आधीच बदललेले होते.

आकडे कुठेही मिळतात, कारणे मिळत नाहीत. जाणकारांनी कारणांवर लिहावे, ही विनंती.

शेडवाले काका

बाळीवेसकर, आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. नोकरीची बहुतेक वर्षे डिझेल शेडमध्ये, म्हणजे इंजिनांची देखभाल होते तिथे, गेल्यामुळे मी हे शेडच्या बाजूने सांगतो.

प्रथम डब्ल्यूडीएम-२ विषयी. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा आराखडा, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सहा ॲक्सल (चाकांच्या जोड्यांचे आस) आणि सहाही ॲक्सलना मोटर, एकूण वजन सुमारे ११३ टन, कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. वाराणसीच्या कारखान्यातून हे इंजिन १९६४ पासून बाहेर पडू लागले. ते कोणत्याही एका कामात सर्वोत्तम नव्हते, पण कोणत्याही कामाला नाही म्हणत नव्हते, आणि शेडला नेमके तेच हवे असते. इंजिन मेल घेऊन आले, तेल-पाणी झाले, तपासणी झाली की परतीला सिमेंटचा किंवा कोळशाचा रेक जोडायचा. इंजिनाच्या कामाचे जे वेळापत्रक असते, ज्याला आम्ही लिंक म्हणतो, त्यात एकही तास रिकामा राहू नये, याच्यावर वरिष्ठांचा डोळा असे. फक्त प्रवासी गाडीच ओढू शकणारे इंजिन लिंकमध्ये बसवायचे, तर दोन गाड्यांच्या मधला वेळ ते नुसते उभे राहणार.

आता डब्ल्यूडीपी-१. हे १९९५ साली आले. कल्पना चांगली होती: कमी डब्यांची, जलद, कमी अंतराची इंटरसिटी गाडी ओढायला एवढे अवजड इंजिन कशाला? म्हणून १२ सिलिंडरचे, २३०० अश्वशक्तीचे, चार ॲक्सलचे, ८० टनांचे हलके इंजिन केले. ॲक्सलमागे २० टन भार. कागदावर यात काहीच चूक नाही.

अडचण गाडी सुटताना येते. कोरड्या रुळावर इंजिन ढोबळमानाने आपल्या चालत्या चाकांवरील वजनाच्या एक-चतुर्थांश इतकी ओढ लावू शकते. त्यापुढे चाक जागेवरच फिरू लागते. ८० टनांच्या इंजिनाची ही मर्यादा २० टनांच्या आसपास येते, ११३ टनांच्या इंजिनाची २८ टनांच्या आसपास. दहा-बारा डब्यांना २० टन पुरतात. परंतु त्याच काळात गाड्यांचे डबे वाढत चालले होते. १४ ची १८, १८ ची २२, २२ ची २४ अशी गाडी लांबत गेली. भरलेली २४ डब्यांची गाडी हजार टनांच्या पुढे जाते. अशी गाडी चढावर, पावसात, सिग्नलला उभी राहिली की २० टनांची ओढ लोको पायलटला घाम फोडते. वाळू सोडावी लागते, एक नॉच (शक्ती वाढवण्याची पायरी) द्यावा तर चाक घसरते, काढावा तर गाडी हलत नाही. अश्वशक्ती कितीही असो, ती रुळापर्यंत पोहोचली नाही तर उपयोग शून्य.

त्यात या इंजिनाच्या बोगीची, म्हणजे चाके बसवलेल्या खालच्या सांगाड्याची, देखभाल कटकटीची ठरली. आणि संख्या दहाच. दहा इंजिनांसाठी वेगळे सुटे भाग, वेगळे प्रशिक्षण, वेगळा साठा. कोणत्याही शेडला हे ओझेच वाटते. शेवटी ही सगळी इंजिने विजयवाड्याच्या बाजूला कमी अंतराच्या पॅसेंजर गाड्यांवर गेली. इंटरसिटीसाठी जन्मलेले इंजिन प्रत्येक छोट्या स्थानकावर थांबत जाणाऱ्या गाडीला लागले. माझ्या मते त्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या गाडीसाठी ते बांधले होते, ती गाडीच राहिली नाही.

होटगी जंक्शन

काकांच्या विवेचनात मी पुढच्या दोन वर्गांची भर घालतो, कारण तिथे गोष्ट अधिक रंजक होते.

डब्ल्यूडीपी-१ नंतर १९९८ साली डब्ल्यूडीपी-२ आले. त्याचेच नाव पुढे डब्ल्यूडीपी-३ए झाले. पहिल्या प्रयोगातील उणीव इथे भरून काढलेली दिसते: १६ सिलिंडर, ३१०० अश्वशक्ती, पुन्हा सहा ॲक्सल, दोन्ही टोकांना चालकाची कॅब, आणि ताशी १६० किलोमीटर वेगाची क्षमता. दिसायलाही देखणे होते. मात्र १६० चा वेग वापरायचा कुठे? आपल्या दौंड–वाडी पट्ट्यात त्या काळी कमाल वेग ११० होता आणि देशातील निवडक मार्गांवर १३० च्या आसपास. ११० च्या मार्गावर हे इंजिन जे करते, ते ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए सुद्धा करत होते, आणि वर मालगाडीही ओढत होते. त्यामुळे ४४ वर गाडी थांबली, यात मला नवल वाटत नाही.

या इंजिनाला खरा धक्का बसला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या तंत्रावरील डब्ल्यूडीपी-४ मुळे. पहिली दहा २००१ साली आयात झाली, नंतर वाराणसीत बांधणी सुरू झाली, आणि त्यांचे पहिले मोठे घर हुबळीचे शेड. ४००० अश्वशक्ती, दोन स्ट्रोकचे १६ सिलिंडरचे इंजिन, थ्री-फेज मोटर. सोलापूर फलाटावर उभे राहून ज्यांनी दोन्ही पिढ्या पाहिल्या आहेत, त्यांना फरक डोळ्यांनी आणि कानांनी कळला असेल. अल्को इंजिनाला नॉच वाढवला की आधी डिझेल जास्त जाते, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) मागून वेग घेतो, आणि तोवर हवा कमी पडल्यामुळे काळा धूर थेट फलाटाच्या पत्र्यापर्यंत जातो. नव्या इंजिनाचा टर्बो कमी भाराला गिअरने इंजिनाशीच जोडलेला असतो, त्यामुळे हवा वेळेवर मिळते आणि तो काळा लोट उठत नाही. जुन्या मंडळींना त्या धुराची आठवण येते हे मला ठाऊक आहे, पण फलाटावर चहा विकणाऱ्याला विचारून पाहा.

डब्ल्यूडीपी-४ मध्येही सहा ॲक्सल होते, पण मोटर चारच ॲक्सलना. दोन ॲक्सल नुसते भार वाहणारे. म्हणजे सुमारे ११७ टन वजनापैकी ओढीच्या कामाला येणारे ७८ टन. नव्या नियंत्रण यंत्रणेमुळे चाक घसरण्याच्या आधीच सावरले जाते, म्हणून त्यातूनही २७-२८ टनांची ओढ निघत असे, जे कौतुकास्पद आहे. तरीही पावसाळी रूळ, २४ डबे आणि चढ एकत्र आले की तीच जुनी दुखणी पुन्हा वर येत. त्याच कुटुंबातील मालवाहू भाऊ डब्ल्यूडीजी-४ मात्र सहाही ॲक्सलनी जवळजवळ दुप्पट, ५४ टनांच्या आसपास ओढ लावत असे. गिअरचे प्रमाणही वेगळे: मालवाहूत १७ दात्यांना ९०, प्रवासीत १७ ला ७७. एकाच इंजिनाला दोन स्वभाव कसे देता येतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे आणि टिपणात ते जरूर द्यावे.

रेल्वेने मग काय केले? प्रवासी इंजिनाला मालवाहूच्या जवळ आणले. २०१० पासूनच्या डब्ल्यूडीपी-४बी मध्ये सहाही ॲक्सलना मोटर दिली आणि शक्ती ४५०० पर्यंत नेली. त्यानंतरच्या डब्ल्यूडीपी-४डी मध्ये दुसरी कॅब बसवली, कारण एका कॅबचे इंजिन लांब हूड (यंत्रांवरचा लांब भाग) पुढे करून चालवताना चालकाला समोरचे नीट दिसत नसे. ही शेवटची इंजिने शेकड्यांनी बांधली गेली. म्हणजे ‘पी’ अक्षर टिकले, पण टिकण्यासाठी त्याला मिश्र इंजिनाचे गुण घ्यावे लागले.

भीमाकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी एका गृहीतकाला माझी हरकत आहे. इंजिन प्रवासी आहे की नाही, हे त्याच्या अंगावरील अक्षरावरून ठरवू नये.

१९६२ साली आयात झालेले डब्ल्यूडीएम-४ पाहा. जनरल मोटर्सचे, संख्या ७२, मुक्काम मुघलसराय. अक्षर ‘एम’. पण १९६९ साली हावडा–नवी दिल्ली ही देशातील पहिली राजधानी सुरू झाली, तेव्हा तिच्या पुढे हेच इंजिन होते. देशातील सर्वांत मानाची प्रवासी गाडी, आणि ओढणारे इंजिन कागदोपत्री मिश्र वर्गातले! पुढे त्या मार्गावर वीज आली आणि हीच इंजिने मागच्या फळीत गेली. आज त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

यात एक विरोधाभासही आहे. गुणवत्तेत डब्ल्यूडीएम-४ अल्कोपेक्षा सरस मानले जात असे, पण तंत्रज्ञान हस्तांतराला अल्को तयार झाली आणि जनरल मोटर्स झाली नाही; म्हणून वाराणसीत अल्कोचा आराखडा गेला. अल्को कंपनीने स्वतः १९६९ साली इंजिने बांधणे थांबवले, आणि आपण तिचेच आराखडे पुढे कित्येक दशके वाढवत, सुधारत राहिलो. एखादा वर्ग दुर्मीळ राहतो तो नेहमी तांत्रिक दोषामुळेच राहतो असे नाही. करार कोणाशी झाला, यावरही ते ठरते. गुत्तीच्या शेडची जर्मन हेन्शेल इंजिनेही अशीच: १९७० ची, आठच नग, विजेच्या मोटरऐवजी द्रवदाबाने चाके फिरवणारी. त्यांचा वर्ग मूळचा डब्ल्यूडीएम-३. नंतरच्या डब्ल्यूडीएम-३ए शी त्यांचा काहीही संबंध नाही. टिपणात घोळ होऊ नये म्हणून सांगितले.

सध्या पुण्यात

मी मूळचा रेल्वे लाईन्स भागातला. परदेशी इंजिनांवर वाचन असल्यामुळे एक मुद्दा मांडतो, जो वरच्या चर्चेत आलेला नाही आणि माझ्या मते बाळीवेसकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये प्रवासी डिझेल इंजिन वेगळे का असे? कारण तिथे थंडी होती. वाफेच्या काळात डबे इंजिनाच्या वाफेवरच गरम होत. डिझेल आले तेव्हा डबे तेच राहिले, म्हणून डिझेल इंजिनाच्या पोटात वाफ तयार करणारा छोटा बॉयलर आणि पाण्याची टाकी बसवावी लागली. मालवाहू इंजिनात हे सामान नसे. त्यामुळे प्रवासी इंजिन लांब, महाग आणि वेगळे झाले. आपल्याकडे मद्रास मेलच्या डब्याला गरम करण्याची गरज कोणाला भासणार? खिडक्या उघड्या, पंखे डब्याच्या चाकांवर चालणाऱ्या डायनामोवर. म्हणजे इंजिनाने गाडीला फक्त ओढायचे आणि ब्रेकसाठीची व्यवस्था सांभाळायची. मग मिश्र इंजिन प्रवासी गाडीला का चालणार नाही? आपल्या हवामानानेच डब्ल्यूडीएम-२ ला रान मोकळे करून दिले, असे मी म्हणेन.

तिकडच्या वेगळ्या इंजिनांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या सांता फे रेल्वे कंपनीने १९६७ साली नऊ एफपी-४५ आणि सहा यू-३०-सीजी घेतली. दोन्ही खास प्रवासी गाड्यांसाठी. चारच वर्षांत, १९७१ साली, तिथल्या बहुतेक प्रवासी गाड्या ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीकडे गेल्या आणि ही देखणी इंजिने मालगाड्यांना जुंपली गेली. एफपी-४५ चे नशीब एवढे बलवत्तर की १९८९ साली कंपनीने जुना लाल-रुपेरी प्रवासी रंग पुन्हा आणला, तेव्हा तो आधी याच इंजिनांवर चढला, आणि तोही मालगाड्यांच्या कामासाठी.

ॲमट्रॅकची स्वतःची एसडीपी-४०-एफ इंजिने याहून बोलकी आहेत. १९७३-७४ मध्ये १५० घेतली. वाफेचे सामान आणि पाण्याची टाकी इंजिनाच्या मागच्या भागात. काही अपघातांत ही इंजिने रुळावरून उतरली आणि संशयाची सुई बोगीची रचना, टाकीत हिंदकळणारे पाणी, रुळांची अवस्था अशी फिरत राहिली. अनेक कंपन्यांनी त्यांच्यावर वेगमर्यादा घातल्या. शेवटी १९८४ साली ॲमट्रॅकने त्यांतील १८ इंजिने सांता फेला देऊन बदल्यात ४३ छोटी, शंटिंगच्या उपयोगाची इंजिने घेतली. सांता फेने ती १८ दुरुस्त करून मालगाड्यांवर वर्षानुवर्षे वापरली. म्हणजे ज्या इंजिनाची प्रवासी गाडीला धास्ती वाटे, तेच मालगाडीला निमूटपणे उपयोगी पडले.

ब्रिटनच्या डेल्टिकची जातकुळी निराळी. संख्या २२, सेवेत १९६१ पासून, ३३०० अश्वशक्ती, नौदलाच्या वेगवान बोटींसाठी विकसित झालेली दोन इंजिने पोटात घेऊन ताशी १०० मैल धावणारी. लंडन–एडिनबर्गच्या मानाच्या गाड्या त्यांच्याकडे होत्या. १९७८ पासून त्या मार्गावर १२५ मैलांच्या जलद संचगाड्या (यंत्रे आणि डबे एकाच कायम संचात असलेल्या) आल्या आणि डेल्टिक दुय्यम गाड्यांवर उतरल्या. १९८२ च्या सुरुवातीला सेवा संपली. त्यांतील सहा जतन झाल्या. आपल्या दहा डब्ल्यूडीपी-१ च्या नशिबी असे रेल्वेप्रेमी आले नाहीत.

बाळीवेसकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हवामानाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्यावरून एक उपप्रश्न: आता आपल्याकडे वातानुकूलित डब्यांची संख्या वाढली आहे आणि डब्यांना वीज इंजिनाकडूनच देण्याची पद्धत आली आहे. मग प्रवासी इंजिन पुन्हा वेगळे झाले, असे म्हणावे का? आणि काका, सोलापूर विभागात आज डिझेल इंजिनाला नेमके कोणते काम उरले आहे?

शेडवाले काका

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि मला त्याची गंमत वाटते. पूर्वी वातानुकूलित गाडीला दोन्ही टोकांना जनरेटरचे डबे लागत. त्यांचा आवाज, धूर आणि डिझेलचा खर्च वेगळाच. इंजिनातूनच डब्यांना वीज देता आली तर हे वाचते. विजेच्या इंजिनात हे सोपे आहे. डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो, आणि डब्ल्यूडीपी-४डी च्या काही इंजिनांत तो बसवलाही. म्हणजे साहेबांच्या देशात वाफेमुळे जे वेगळेपण आले होते, ते आपल्याकडे थंड हवेसाठी आले, पण इतक्या उशिरा की तोवर तारा डोक्यावर येऊन ठेपल्या होत्या. कारखान्याचे नावही २०२० मध्ये डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सचे बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. मुख्य काम आता विजेच्या इंजिनांचे आहे.

आपल्या विभागाविषयी. मध्य रेल्वेचे ब्रॉडगेज विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले आणि त्यातील शेवटचा तुकडा औसा रोड ते लातूर रोड हा आपल्याच विभागातला होता. त्याच महिन्याच्या १० तारखेला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. या दोन घटना मी एकत्र का सांगतो, ते लक्षात घ्या. वंदे भारतला इंजिनच नाही. मोटर डब्यांखाली वाटलेल्या आहेत. केवळ प्रवाशांसाठी बांधलेले यंत्र आज कुठे असेल तर ते त्या संचात आहे, आणि त्याला रात्री मालगाडी ओढायला सांगण्याचा प्रश्नच येत नाही. खालच्या टोकाचे कामही असेच गेले: ज्या कमी अंतराच्या पॅसेंजर गाड्यांवर डब्ल्यूडीपी-१ सारखी इंजिने उरली होती, त्यांची जागा डेमू आणि मेमूने, म्हणजे अनुक्रमे डिझेलवर आणि विजेवर चालणाऱ्या, वेगळे इंजिन न लागणाऱ्या संचगाड्यांनी, घेतली. पुणे–दौंडच्या प्रवाशांनी हे पाहिलेच आहे. वरून संचगाडी, खालून मेमू, आणि मधल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना विजेचे इंजिन.

डिझेलकडे उरलेली कामे साधी, पण टाळता न येणारी आहेत. तारा तुटल्या किंवा वीज गेली की अडकलेली गाडी ओढून काढणे. अपघात निवारण गाडी. तारांच्या आणि रुळांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद केलेली असताना सामानाचे रेक नेणे. सिमेंट किंवा कोळशाच्या ज्या सायडिंगवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवर) तारा नाहीत, तिथली शंटिंग. यातील शंटिंगबद्दल माझी तक्रार आहे. ४००० अश्वशक्तीचे इंजिन चार वाघिणी इकडून तिकडे हलवायला लावणे म्हणजे तासन्‌तास नुसते चालू ठेवून तेल जाळणे होय. कमी भारावर सतत चाललेल्या इंजिनात काजळी साठते, तेल वर चढते आणि पुढच्या तपासणीला सगळे उघडून साफ करावे लागते. जुनी १४०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएस-६ शंटिंग इंजिने या कामाला कितीतरी योग्य होती.

जी इंजिने धडधाकट आहेत, त्यांना बाहेरही मागणी आहे. जुलै २०२० मध्ये भारताने बांगलादेशाला दहा ब्रॉडगेज डिझेल इंजिने दिली, तीही वापरातील डब्ल्यूडीएम-३डी, आणि २०२३ मध्ये आणखी वीस दिली. तिथे ती प्रवासी गाड्याही ओढतात, मालगाड्याही. अल्कोच्या वंशातील मिश्र इंजिनाने सीमा ओलांडल्यावरही आपला स्वभाव सोडलेला नाही.

कुर्डूवाडीचा प्रवासी

ब्रॉडगेजवर इतके लिहून झाले म्हणून छोट्या रुळांची आठवण करून देतो. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली अडीच फुटी रुळांवर सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली. तिथे वाफेनंतर आलेल्या नॅरो गेज डिझेल इंजिनांना प्रवासी आणि मालवाहू अशी वाटणी परवडणारीच नव्हती. आषाढीला पंढरपूरच्या वारकऱ्यांची गाडी आणि एरवी मिळेल तो भार, असा तो संसार होता. सोलापूर–विजापूर–गदग मीटर गेजवरही फारसे वेगळे चित्र नव्हते. गोलगुंबज एक्स्प्रेसला लागणारे इंजिन आणि मालगाडीला लागणारे इंजिन यांत प्रवाशाला फरक करता येत नसे. रूळ रुंद झाले तेव्हा या इंजिनांचे काम बदलले नाही, ते संपलेच. ब्रॉडगेजचे इंजिन बदलीवर दुसऱ्या शेडला जाऊ शकते. अडीच फुटी इंजिनाला जायला देशात मोजक्याच जागा होत्या, आणि त्याही एकेक करून कमी होत गेल्या.

बाळीवेसकर, आपल्या टिपणात इंजिनांची यादी वर्गनामाप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावावी, असे मी सुचवेन: आधी कोणत्या गाडीसाठी बांधले, मग प्रत्यक्षात कोणत्या गाडीला लागले, आणि शेवटी कुठे गेले, असे तीन रकाने. डब्ल्यूडीपी-४डी दुर्मीळ इंजिनांत धरू नका, ते शेकड्यांनी आहे. डब्ल्यूडीएम-४ मात्र घ्या, भीमाकाठ यांचा मुद्दा रास्त आहे. अंक तयार झाला की कुर्डूवाडीलाही एक प्रत पाठवा. वाचणारे इथेही आहेत.